फाटकाच्या आतली जागा

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी, म्हसाळा या गावांच्या लेआऊटांमध्ये घर किरायाने द्यायचे असले की मालक फाटकाला पाटी बांधतो. पाटीवर खोल्यांची संख्या, फोन नंबर आणि बहुतेक वेळा ‘पार्किंगची सोय’ एवढा मजकूर असतो. नागपूरला रोज अपडाऊन करणारा नोकरदार, सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात रुजू झालेला डॉक्टर, बदलून आलेला बँकेचा अधिकारी असे सगळे ती पाटी वाचून आत जातात. अंगण मोकळे दिसते, मालक हात करून ‘इथे लावा गाडी’ म्हणतो आणि तो विषय तिथे संपतो. माझे म्हणणे असे की, घर शोधण्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्याच क्षणी अर्धवट सुटतो. या गावांमध्ये गाडीला जागा मिळणे अवघड नाही, ती जागा आपल्याकडे टिकणे अवघड आहे. जागा दिसली म्हणजे ती आपल्याला मिळाली असे भाडेकरू धरून चालतो. मालकाच्या मनात मात्र ती त्याने दिलेली सवलत असते. पुढे होणारे बहुतेक तंटे या दोन समजुतींमधल्या अंतरातून निघतात, आणि ते अंतर लेखी कराराशिवाय मिटत नाही.

हे अंतर इथेच का पडते, हे समजायला या वस्तीची घडण पाहावी लागते. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे मुख्य ठाणे वसवले गेले. पुढच्याच वर्षी मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. म्हणजे हे शहर जन्मापासूनच रुळांच्या आधाराने वाढले. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतली लोकसंख्या १ लाख ६ हजारांच्या घरात होती, पण शहर त्या हद्दीत मावलेले नव्हते. हद्दीबाहेरच्या गावांत शेतजमिनी अकृषक होऊन त्यांचे प्लॉट पडले, पेन्शनरांनी आणि शिक्षकांनी ते घेतले, तळमजला स्वतःसाठी आणि वरचा मजला किरायासाठी अशी घरे उभी राहिली. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे किमान पाच हजार लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि पुरुष कामगारांपैकी किमान पाऊणशे टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील, तर ग्रामपंचायत असूनही ते गाव ‘जनगणना शहर’ ठरते. शहराभोवतीच्या या पट्ट्याचे वळण तसेच आहे. लोक शहरी, नोकऱ्या शहरी, गाड्या शहरी आणि कारभार ग्रामपंचायतीचा. रस्त्यावर गाडी कुठे लावावी याचे नियमन करणारी यंत्रणा इथे जवळपास नाही, त्यामुळे सगळा भार घराच्या फाटकावर येतो.

आता त्या फाटकाच्या आत मोजपट्टी घेऊन जाऊ. तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब, म्हणजे दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट धरा. समोर आणि बाजूला सोडलेली जागा, जिना, पाण्याचा टाका, तुळशीवृंदावन आणि एखादे आंब्याचे किंवा सीताफळाचे झाड वजा केले की एका चारचाकीची जागा उरते. बांधकाम नियमावली एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब आणि एका दुचाकीसाठी एक मीटर रुंद व दोन मीटर लांब जागा धरते. मोटारीची ही जागा साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे एकशे पस्तीस चौरस फूट होते. लहानशा बेडरूमएवढे हे क्षेत्र आहे. मालकाची स्वतःची गाडी असेल तर दुसरी तिच्या मागेच लागते. मागे लागलेली गाडी ही अपडाऊन करणाऱ्याची खरी अडचण. त्याला पहाटे सहाला निघायचे असते, मालक सातला उठतो. भाडेकरूची गाडी आत आणि मालकाची फाटकाजवळ असेल, तर रोज सकाळी कुणाला तरी उठवून चावी मागावी लागते. पहिला महिनाभर ते हसतखेळत चालते. नंतर मालक सुचवतो की रात्री गाडी बाहेर रस्त्यावरच लावली तर बरे. जागा तेवढीच असते, सवलत मात्र गेलेली असते.

बाहेर म्हणजे कुठे, हाही प्रश्न आहे. लेआऊटमधला अंतर्गत रस्ता नऊ मीटरचा धरला आणि दोन्ही कडांना मोटारी लागल्या, तर मध्ये चार मीटर उरतात. नालीची कड सोडली की त्याहून कमी. रात्री रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी वळवायची वेळ आली तर ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. बाजूचा रिकामा प्लॉट हा दुसरा मोह. उन्हाळ्यात तो उत्तम वाहनतळ वाटतो, पण वर्धा जिल्ह्याचा बराच भाग काळ्या कपाशीच्या मातीचा आहे. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की त्याच प्लॉटवर चाके रुततात, आणि रुतलेली मोटार ट्रॅक्टरने ओढावी लागते. शिवाय तो प्लॉट कुणाचा तरी असतो. मालकाने बांधकाम काढले की गिट्टीचा ढीग पडतो आणि भाडेकरूची सोय त्याच दिवशी बंद होते. एप्रिलमध्ये घर पाहणाऱ्याने जुलै डोळ्यांपुढे आणला नाही, तर त्याने अर्धेच घर पाहिले.

उन्हाचाही हिशेब हवा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास किंवा वर जातो. दिवसभर उघड्यावर तापलेल्या गाडीचे टायर, बॅटरी आणि रबरी भाग लवकर झिजतात. पूर्व-पश्चिम उघडे अंगण आणि कडुनिंबाच्या सावलीतले अंगण यांत गाडीच्या आयुष्याचा फरक पडतो. त्यामुळे भाडे पाचशे रुपयांनी जास्त असूनही पत्र्याचे शेड असलेले घर पुष्कळदा स्वस्त पडते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नागपूरला जाणारा माणूस रेल्वेने जातो, वर्धा ते नागपूर अंतर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, तास-सव्वा तासाचा प्रवास, महिन्याचा पास रस्त्याच्या खर्चापुढे नगण्य. मग त्याला मोटारीच्या जागेची एवढी काळजी कशाला? रेल्वेचा पास स्वस्त आहे हे खरेच, आणि ज्याला जमेल त्याने पासच काढावा. पण स्टेशनपर्यंत जायचे कसे? म्हसाळ्याहून किंवा सावंगीहून पहाटे शहर बस मिळेल याचा भरवसा नसतो, ऑटो रोज परवडत नाही, म्हणून दुचाकी येते. पती-पत्नी दोघे नोकरीला असले की दोन दुचाक्या होतात. शनिवारी आईवडिलांना दवाखान्यात न्यायला किंवा आर्वीकडच्या गावी जायला जुनी का होईना मोटार लागते. अपडाऊन करणाऱ्या एका घराची गरज अशी एका मोटारीची आणि दोन दुचाक्यांची होऊन बसते. दिवसा त्यांतल्या दुचाक्या बाहेर असतात, मोटार मात्र आठवड्यातले पाच दिवस जागेवरून हलत नाही. म्हणजे रेल्वेने जाणाऱ्यालाच घरी पक्की जागा जास्त लागते, कारण त्याची मोटार वापरापेक्षा उभीच अधिक असते.

त्यात वर्ध्याची एक खास गुंतागुंत आहे. इथे स्टेशने दोन आहेत. मुंबई-हावडा मार्गावरचे वर्धा जंक्शन, आणि पूर्वी वर्धा पूर्व म्हणून ओळखले जाणारे सेवाग्राम. नागपूरहून येणारी गाडी आधी सेवाग्रामवरून जाते. ती अकोला-भुसावळकडे जाणारी असेल तर पुढे वर्ध्याला येते, आणि हिंगणघाट-बल्लारपूरकडे जाणारी असेल तर सेवाग्रामहूनच दक्षिणेला वळते. सकाळी वर्ध्याच्या स्टँडवर दुचाकी लावून गेलेल्या माणसाला संध्याकाळी बल्लारपूरची गाडी आधी मिळाली, तर तो उतरतो सेवाग्रामला आणि दुचाकी राहते वर्ध्याला. म्हणून घर निवडताना नुसते स्टेशनपासूनचे अंतर मोजून भागत नाही. आपल्या वेळेच्या गाड्या कोणत्या स्टेशनवर थांबतात ते आधी पाहावे, मग घर त्या बाजूला शोधावे. वरुड रस्ता आणि सेवाग्राम परिसर काहींना सोयीचा पडतो, तर शहराच्या पश्चिमेचा भाग मुंबई मार्गाच्या गाड्या धरणाऱ्यांना. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी बुटीबोरीवरून नागपूरला जाणारा चौपदरी महामार्ग आहे, आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा खुला झालेल्या समृद्धी महामार्गाचा जिल्ह्यातला येळाकेळीचा जोडरस्ताही आहे. पण समृद्धीवर दुचाकीला मनाई असल्यामुळे तो मार्ग धरणाऱ्याला मोटार लागणारच, आणि ती रोज रात्री परत येऊन कुठे तरी उभी राहणारच.

आता कायद्याकडे वळू, कारण सवलतीचे हक्कात रूपांतर तिथे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश चालत होता. त्या आदेशात घर रिकामे होत असल्याची खबर मालकाने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला द्यायची आणि अधिकाऱ्याने ते सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला देववायचे, अशी तरतूद होती. घरांच्या टंचाईच्या काळातला तो कायदा डोक्यावर छप्पर मिळवून देण्यापुरता विचार करत होता. १९९९ च्या कायद्यात ‘जागा’ या संज्ञेची व्याख्या सविस्तर आहे. इमारतीशी संलग्न असलेली बाग, मोकळे आवार, गॅरेज आणि आउटहाऊस असल्यास तेही त्यात धरले आहे. पण ही व्याख्या भाडेकरूच्या हाती आपोआप काही देत नाही. इमारतीचा जो भाग भाड्याने दिला, त्याच्याशी कोणते आवार संलग्न आहे, हे करारावरून ठरते. वरचा मजला एवढेच लिहिले असेल तर खालचे अंगण मालकाचे. याच कायद्याचे कलम २९ सांगते की मालकाने अत्यावश्यक पुरवठा तोडू नये. तिथे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि स्वच्छता यांचा उल्लेख आहे, गाडीच्या जागेचा नाही. पाणी तोडले तर भाडेकरूकडे स्पष्ट आधार असतो. गाडी बाहेर काढायला लावली तर तो स्वतःच्या करारातच शोधावा लागतो.

अपार्टमेंटमध्ये प्रश्न निराळा आहे. वर्ध्यातही आता तळमजला खांबांवर मोकळा सोडलेल्या तीन-चार मजली इमारती वाढत आहेत, आणि तिथे फ्लॅट भाड्याने देणारा मालक ‘पार्किंग माझ्या नावावर आहे’ असे छातीठोकपणे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईच्या खटल्यात निर्णय दिला की खांबांमधली आणि उघडी पार्किंगची जागा हा स्वतंत्र फ्लॅट नव्हे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानेही उघडे पार्किंग सामाईक क्षेत्रात धरले, आणि गॅरेज म्हणायचे तर वर छत व तीन बाजूंना भिंती हव्यात असे सांगितले. तेव्हा फ्लॅटमालकाकडे सहसा जागेची मालकी नसते, संस्थेने किंवा संघाने नेमून दिलेला वापर असतो. त्याच्याकडे जे नाही ते तो भाडेकरूला देऊ शकत नाही. म्हणून अशा इमारतीत जागा नेमून दिल्याचे पत्र मागावे, आणि भाडेकरूची गाडी तिथे लावण्याला संस्थेचा आक्षेप नाही हे सचिवाकडून आधी विचारून घ्यावे. फ्लॅट ताब्यात घेतल्यावर खांबावर दुसऱ्याच्या गाडीचा नंबर रंगवलेला दिसणे ही फार उशिरा कळलेली गोष्ट ठरते.

यावर मालक आणि भाडेकरू दोघेही एकच उत्तर देतात की आपल्याकडे असे कागदावर चालत नाही, माणुसकीवर चालते. काका-काकू म्हणून हाक मारायची आणि गाडीसाठी कलम घालायचे, हे त्यांना खटकते. या भावनेचा मी आदर करतो, कारण लहान शहरात मालक खरोखरच अडीअडचणीला धावून येतो. पण कागद माणुसकीच्या विरोधात नसतो. कागद करणे ही दोन्ही बाजूंचा समज एकच आहे का, हे तपासण्याची सर्वांत सभ्य वेळ असते. करार होण्याआधी ‘दुचाकी दोन, मोटार एक, फाटकाच्या डाव्या हाताला’ हे बोलताना कुणाचा अपमान होत नाही. सहा महिन्यांनी मालकाचा मुलगा पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन परत आला, की तेच बोलणे भांडण वाटते. शिवाय भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर भाड्याच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे नोंदणी झाली असेही नाही.

खर्च फार येतो, हाही आक्षेप टिकत नाही. महिना ८,००० रुपये भाडे आणि २०,००० रुपये परत मिळणारी अनामत धरू. अकरा महिन्यांचे भाडे ८८,००० रुपये. अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज गृहीत धरून ते मिळवायचे, म्हणजे आणखी १,८३३ रुपये. एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे २२५ रुपये. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० रुपये. पिपरी किंवा नालवाडीसारख्या ग्रामपंचायतीतल्या घराला ही दुसरी फी लागू पडते. ऑनलाइन नोंदणीचे हाताळणी शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी वेगळी धरली तरी वर्षाच्या भाड्यापुढे हा आकडा लहान आहे. त्या करारात एक वाक्य मात्र आवर्जून घालावे. ते साधारण असे असावे: सदर मिळकतीच्या आवारात फाटकाच्या डाव्या बाजूस असलेली अंदाजे पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा एका चारचाकी वाहनासाठी व जिन्याखालील जागा दोन दुचाकींसाठी कराराच्या संपूर्ण मुदतीत परवानाधारकाच्या वापरात राहील, तिचे भाडे वरील मासिक रकमेत समाविष्ट आहे, आणि वाहन कोणत्याही वेळी बाहेर काढता येईल अशा रीतीने मार्ग मोकळा ठेवला जाईल. शेवटचे अर्धे वाक्य पहाटेच्या गाडीसाठी आहे आणि तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

सर्वांत खोल आक्षेप अर्थशास्त्राकडून येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले की पार्किंग फुकट कधीच नसते, घराच्या भाड्यात आणि दुकानातल्या किमतीत त्याचा खर्च मिसळलेला असतो, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही तो भरतो. हे म्हणणे वर्ध्यालाही लागू पडते. महाराष्ट्रात २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत घराच्या चटई क्षेत्रानुसार किती मोटारी आणि दुचाक्यांची जागा सोडावी हे ठरवले आहे. त्या जागेचा खर्च शेवटी भाड्यात उतरतोच. पण मला शूप यांच्या युक्तिवादातून पार्किंग मागू नये असे निघताना दिसत नाही, तर पार्किंगची किंमत वेगळी दिसावी असे निघते. ज्याच्याकडे फक्त सायकल आहे अशा वैद्यकीय विद्यार्थ्याने त्या मोकळ्या अंगणासाठी पैसे का भरावेत? मालकाने घराचे भाडे आणि गाडीच्या जागेचे भाडे वेगळे सांगितले, तर विद्यार्थ्याचे भाडे कमी होईल आणि मोटारवाल्याला हक्काने जागा मागता येईल. जपानने हा विचार मुळापर्यंत नेला. तिथे १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्याला आधी आपल्याकडे गाडी लावायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला आणावा लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. आपल्याकडे आधी गाडी येते आणि मग जागा शोधली जाते. तसा कायदा इथे लगेच यावा असे मी म्हणत नाही. सार्वजनिक वाहतूक जपानसारखी नसताना तो अन्यायाचा ठरेल. पण भाड्याचे घर घेणारा माणूस स्वतःपुरता तो क्रम उलटवू शकतो.

त्यासाठी घर पाहायला जायची वेळ बदलावी. सकाळी अकराला लेआऊटमध्ये फेरी मारली तर सगळ्या गाड्या कामावर गेलेल्या असतात आणि प्रत्येक घरापुढे जागाच जागा दिसते. रात्री नऊनंतर जावे, म्हणजे त्या गल्लीत खरोखर किती वाहने मुक्काम करतात ते कळते. शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा जावे. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, झेरॉक्सवाला आणि मेस चालवणाऱ्या काकू यांना त्या घरातला आधीचा किरायेदार का गेला हे सहसा ठाऊक असते, आणि गाडीवरून खटका उडाला असेल तर ते पहिल्यांदा तेच सांगतात. फाटकाची रुंदी टेपने मोजावी. फाटक पुरेसे रुंद असूनही समोरचा विजेचा खांब किंवा नालीवरची अरुंद फरशी गाडीला वळू देत नाही, म्हणून आपली गाडी एकदा आत घालून बाहेर काढून पाहावी. विजेवरची दुचाकी असेल तर चार्जिंगचा प्लग कोणत्या मीटरवर येतो ते पाहावे. वरच्या मजल्याला महावितरणचे वेगळे मीटर नसले तर युनिटचा दर काय धरणार, हेही त्याच करारात यावे.

एवढे करूनही काही मालक जागा तोंडी देतील आणि लिहून द्यायला नकार देतील. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. मुलगी माहेरी येईल, जावयाची गाडी लागेल, एवढेच त्यांच्या मनात असते. अशा वेळी घर सोडूनच द्यावे असे नाही, पण ते पार्किंग नसलेले घर आहे असे धरून भाव करावा. जवळच्या एखाद्या शेडमध्ये किंवा मोकळ्या गॅरेजमध्ये महिन्याने गाडी ठेवायला काय पडेल ते आधी विचारून घ्यावे, आणि तेवढी रक्कम मालकाने सांगितलेल्या भाड्यातून कमी करायला सांगावी. तयार झाला तर घर घ्यावे. नाही झाला, तर त्याच गल्लीत पुढच्या फाटकावरची पाटी वाचावी.